डेड्झातील बंद हापसा : मलावीच्या एका खेड्यातील परदेशी स्वयंसेविकेचा प्रकरण अभ्यास

हा प्रकरण अभ्यास आग्नेय आफ्रिकेतील मलावी या देशाच्या मध्य भागातील डेड्झा जिल्ह्यातल्या एका गावाचा आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात, ऐन उन्हाळ्यात, या गावाचा हापसा बंद पडला आणि नोव्हेंबर संपता संपता तो पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात गावाने काय केले आणि तेथील माध्यमिक शाळेत गणित व विज्ञान शिकवणारी परदेशी स्वयंसेविका म्हणून त्यातले काय माझ्या वाट्याला आले, याची ही नोंद आहे. गावाचे, माणसांचे आणि मला पाठवणाऱ्या संस्थेचे नाव मुद्दाम दिलेले नाही. अशा कामाला निघणाऱ्यांना अध्यापनाचे, आरोग्याचे आणि सुरक्षिततेचे प्रशिक्षण मिळते. पाण्याच्या रांगेत कुठे उभे राहायचे, गावाच्या वर्गणीत आपले नाव घालायचे की नाही आणि कुणी पैसे मागितले तर कोणते उत्तर द्यायचे, हे त्या प्रशिक्षणात नसते. माझ्या मते स्वयंसेवकाची गावातली जागा मुख्यतः या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरते, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहावेसे वाटले.

गाव आणि तिथला दिवस

डेड्झा जिल्हा मोझांबिकच्या सीमेला लागून आहे. लिलाँग्वेहून ब्लांटायरकडे जाणारा एम-१ हा हमरस्ता या जिल्ह्यातून जातो, आणि डेड्झा शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटर उंचीवर असल्यामुळे जून-जुलैत तिथे स्वेटरशिवाय भागत नाही. पाऊस वर्षातून एकदाच, साधारण नोव्हेंबर ते एप्रिल या काळात पडतो, आणि त्यावर मका, घेवडा, भुईमूग, बटाटा अशी पिके निघतात. एप्रिल-मे महिन्यांत मका घरात येतो. डिसेंबर ते मार्च या महिन्यांत कित्येक घरांतली कणगी रिकामी असते. ऑक्टोबर हा त्याच्या उंबरठ्यावरचा महिना असतो. घरातला मका मोजून वापरला जातो, खताच्या पिशवीसाठी पै-पैसा बाजूला पडतो, झरे आटलेले असतात. हापसा बिघडायला याहून वाईट महिना शोधून सापडणार नाही.

गाव चेवा समाजाचे आहे. या समाजात वंश आईकडून मोजला जातो, जमीन लेकींकडे राहते आणि लग्नानंतर नवरा बायकोच्या गावी येऊन राहतो. आमच्या म्फुमू, म्हणजे गावप्रमुख, एक वयस्क बाई होत्या आणि पाणी समितीच्या अध्यक्षाही त्यांच्याच घराण्यातल्या होत्या. बाहेरून येणारे अधिकारी पुष्कळदा झाडाखाली बसलेल्या पुरुषांशी बोलून निघून जातात. परंतु त्यांतले बरेचसे पुरुष स्वतःच गावात जावई म्हणून आलेले असतात आणि जमिनीच्या, पाण्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा नसतो. नव्या माणसाने ही गोष्ट पहिल्या महिन्यात समजून घेतली, तर पुढचे पुष्कळ हेलपाटे वाचतात.

दिवस पहाटे पाचच्या आधी, अंगणे झाडण्याच्या आवाजाने सुरू होई. त्यानंतर बादली घेऊन हापशावर जायचे. वीस लिटरची प्लास्टिकची बादली, डोक्यावर चितेंजेची म्हणजे छापील कापडाची चुंबळ, आणि पाणी हिंदकळू नये म्हणून बादलीत टाकलेली एक छोटी ताटली, असा सगळ्यांचा सरंजाम असे. अंघोळीला अर्धी बादली, स्वयंपाक, भांडी आणि पिणे मिळून आणखी एक, आणि कपडे असतील त्या दिवशी जास्तीची एक, असा माझा हिशेब होता. शाळा साडेसातला भरे. दुपारी आणि संध्याकाळी न्सिमा, म्हणजे मक्याच्या पांढऱ्या पिठाची घट्ट उकड, आणि तिच्याबरोबर न्दिवो, म्हणजे तोंडीलावणे. हे न्दिवो बहुधा मोहरीच्या किंवा भोपळ्याच्या पाल्याचे असे आणि त्यात शेंगदाण्याचे कूट घातलेले असे, त्यामुळे सोलापूर जिल्ह्यात वाढलेल्या माझ्यासारखीला जेवण परके वाटण्याचे काही कारणच उरले नाही. आठवडी बाजारात तूरही मिळे. मलावीतली तूर भारतात येतेच; २०२१ मध्ये भारताने मलावीशी पाच वर्षे दरसाल ५०,००० टन तूर घेण्याचा करार केला होता. सहाच्या सुमारास अंधार पडला की सौर दिव्याच्या उजेडात वह्या तपासायच्या आणि शेजारणीच्या ओट्यावर थोडा वेळ बसून झोपायचे.

भारतीय चेहऱ्याबद्दल एक गोष्ट इथेच नोंदवली पाहिजे. मलावीत भारतीय वंशाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या आहेत, बहुतेक व्यापारात आहेत आणि त्यांतले पुष्कळ मूळचे गुजरातचे आहेत. राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांच्या राजवटीत, १९७० च्या दशकात, ग्रामीण भागातल्या आशियाई दुकानदारांना तिथली दुकाने सोडून शहरांत जावे लागले. तेव्हापासून खेड्यातल्या माणसाला अम्वेन्ये, म्हणजे भारतीय, भेटतो तो मुख्यतः शहरातल्या दुकानाच्या गल्ल्यावर. अशा माणसाने खेड्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहावे, डोक्यावर बादली घ्यावी, हे लोकांना नवे होते. आणि त्याच्याकडे पैसे असणारच, ही समजूत मात्र जुनी होती. पुढे जे घडले त्याला ही पार्श्वभूमी आहे.

हापसा

गावचा हापसा आफ्रिदेव जातीचा होता. मलावीत सगळीकडे तोच दिसतो, आणि त्याच्या वंशावळीचा एक धागा महाराष्ट्रापर्यंत पोहोचतो. १९६० आणि ७० च्या दशकांत दुष्काळी भागात बोअर खोदले गेले, तेव्हा त्यांवर बसवलेले ओतीव लोखंडाचे हापसे गावभराचा वापर सोसू शकत नव्हते. जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या कामांतून अधिक टणक हापसे तयार झाले, आणि सोलापूरच्या रचनेच्या आधाराने, युनिसेफच्या साहाय्याने, ‘इंडिया मार्क-टू’ हा हापसा घडला. आपल्याकडे गावोगावी दिसतो तो हाच. तो टणक होता, पण त्याचा खालचा सिलिंडर बाहेर काढायचा तर लोखंडी पाइपांची सगळी माळ वर ओढावी लागे, त्यासाठी कप्पी, अवजारे आणि चार दणकट माणसे लागत. १९८० च्या दशकात मलावी आणि केनिया येथे झालेल्या प्रयोगांतून आफ्रिदेव पुढे आला तो नेमकी ही अडचण दूर करण्यासाठी. त्याचा पाइप प्लास्टिकचा असतो आणि जागेवरच राहतो. दट्ट्या आणि तळाची झडप त्या पाइपातूनच वर काढता येतात. आणि मुख्य जोडण्या एकाच पान्ह्याने उघडतात. सुमारे ४५ मीटर खोलीपर्यंत तो चालतो. गावातल्या बायकांनी स्वतः उघडून झिजलेला भाग बदलावा आणि बंद करावा, अशी त्यामागची कल्पना आहे.

ही कल्पना उत्तम आहे, असे माझे ठाम मत आहे. तरीही २००९ च्या सुमाराच्या एका सर्वमान्य अंदाजानुसार सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेतल्या हापशांपैकी सुमारे ३६ टक्के कोणत्याही वेळी बंद असतात. कारण यंत्राची सोपी रचना हा प्रश्नाचा एक भाग झाला. सुटे भाग कुठे मिळतात, ते घ्यायला पैसे कुणाकडे असतात आणि वर्गणी कुणाकुणाकडून घ्यायची, हे बाकीचे भाग यंत्राबरोबर बसवून मिळत नाहीत.

मलावीच्या सरकारी निकषाप्रमाणे एका बोअरवर २५० माणसे असावीत. आमच्या हापशावर गाव होतेच, शिवाय माध्यमिक शाळा होती, शिक्षकांची घरे होती, आणि पलीकडच्या वाडीचा हापसा काही महिन्यांपासून बंद असल्यामुळे ती वाडीही होती. त्यात कोरड्या महिन्यांत विटा पाडल्या जातात. शाळेच्या नव्या संडासांसाठी त्या वर्षी विटा पाडल्या गेल्या आणि त्यांचे सगळे पाणी याच दांड्यातून हापसले गेले.

बंद पडण्याआधी आणि नंतर

हापसा एकाएकी बंद पडला नाही. सप्टेंबरपासून पहाटेची पहिली बादली भरणाऱ्या बाया सांगत होत्या की आधी बराच वेळ कोरडे हापसावे लागते, मग पाणी येते. रात्रभर पाइपात उभे राहायला हवे ते पाणी खाली उतरत होते, याचा अर्थ तळाची झडप गळत होती. दुपारी, सतत वापर चालू असताना, ही गळती कळत नाही. ज्या पहाटे येतात त्यांनाच ती कळते. मग एके दिवशी दांडा अचानक हलका झाला, वरखाली मोकळाच हलू लागला. अध्यक्षीणबाईंनी दोनदा हापसून पाहिले आणि आत सळी सुटली किंवा तुटली आहे, असे तिथल्या तिथे सांगितले. पुढे हापसा उघडल्यावर निदान तंतोतंत खरे निघाले. यंत्राची जाण गावात पुरेशी होती, हे यासाठी लिहून ठेवते की शहरातल्या चर्चांमध्ये ‘गावकऱ्यांना प्रशिक्षण द्यायला हवे’ हे वाक्य फार लवकर येते.

त्यानंतर पाणी दांबोतून येऊ लागले. दांबो म्हणजे पावसाळ्यात पाणी साठून राहणारा सखल, गवताळ भाग. ऑक्टोबरात तो कोरडा दिसतो, पण खड्डा खोदला की तळाशी गढूळ पाणी पाझरते, जसे आपल्याकडे नदीच्या पात्रात झिरे खोदतात तसे. तिथे पोहोचायला अर्धा तास आणि ओंजळ-ओंजळ बादली भरायला त्याहून अधिक वेळ लागे. मार्च २०२२ पासून मलावीत पटकीची मोठी साथ आली होती आणि तिच्यात सतराशेहून अधिक माणसे दगावली होती; त्या आठवणी ताज्या असल्याने आरोग्य कर्मचाऱ्याने क्लोरीनचे द्रावण घरोघर पोहोचवले आणि बहुतेक घरांनी ते न चुकता वापरले.

शाळेत परिणाम दुसऱ्याच दिवसापासून दिसला. माझ्या पहिल्या तासाला मुलींचे बाक रिकामे राहू लागले. मुलगे वेळेवर येत, मुली नऊच्या पुढे येत, ओल्या चितेंजेनिशी, आणि बसल्या बसल्या पेंगत. मुख्याध्यापकांच्या संमतीने गणिताचा तास मी दुपारकडे सरकवला. विषयशिक्षकाला वेळापत्रकात एवढा बदल कधीही करून घेता येतो, आणि त्याला परवानगीशिवाय काही लागत नाही.

माझ्या स्वतःच्या पाण्याचा प्रश्न यापेक्षा नाजूक होता. हापसा चालू असताना शिक्षकांना रांगेत पुढे घेण्याची पद्धत होती, कारण त्यांना शाळा उघडायची असे. दांबोवर रांग नव्हती, फक्त वेळ होता. काही शिक्षकांनी पैसे देऊन पाणी आणवायला सुरुवात केली. माझ्याकडेही शेजारची नववीतली मुलगी विचारायला आली. तिला पैशांची गरज होती हे दिसत होते. पण तिने माझी बादली आणली असती, तर तिचा स्वतःच्या घरच्या बादलीनंतरचा, शाळेचा वेळ मी विकत घेतला असता. मोठ्या बाईला गान्यू, म्हणजे रोजंदारी, म्हणून हे काम द्यावे, तर दुसरी अडचण होती : परदेशी बाई एका बादलीला जो भाव देईल तोच भाव दुसऱ्या दिवशी आजारी म्हातारीला आणि बाळंतिणीला मागितला जाणार. मी शेजारणीला विचारले. तिने सांगितले की तिच्याबरोबर पहाटे निघावे आणि एकच बादली आणावी. कपडे रविवारी दांबोवरच धुवावेत. मी तसे केले. पाण्याची किंमत गावात वाढू द्यायची नसेल, तर आपला वापर कमी करणे हा एकच खात्रीचा मार्ग आहे, असे मला आजही वाटते.

पैसे मागणारे आणि देऊ करणारे

पहिल्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी सुचवले की मी माझ्या संस्थेला फोन करावा. ही सूचना अजिबात अवाजवी नव्हती. बोअर मुळात एका परदेशी संस्थेनेच खोदून दिला होता. भारतातल्या माझ्या एका स्नेह्यांनी तर फोटो पाहून नव्या बोअरसाठी निधी जमवण्याची तयारी दाखवली. आणि ओट्यावर बसलेली शेजारीण सहज म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या एका महिन्याच्या पैशांत हापसा होईल.’ हिशेब तिचा बरोबर होता.

माझ्या संस्थेचा नियम रोख देणगी न देण्याचा होता, पण नियमाआड लपणे मला पटत नव्हते. नियमापलीकडचा विचार असा. मी पैसे दिले असते तर हापसा चार दिवसांत सुरू झाला असता, मुली वेळेवर वर्गात आल्या असत्या, आणि हा लाभ क्षुल्लक म्हणता येणार नाही. मुलींच्या पेंगुळलेल्या चेहऱ्यांसमोर उभे राहून शिकवणाऱ्याला तत्त्वाची भाषा सहज बोलता येत नाही. परंतु वर्गणी गोळा करण्याचा समितीचा अधिकार त्या दिवशी संपला असता. पुढच्या वेळी अध्यक्षीणबाई दारात आल्या की लोकांनी त्यांना माझ्या दाराकडे बोट दाखवले असते, आणि मी नसते तेव्हा माझ्यानंतरच्या परदेशी माणसाची वाट पाहिली असती. शिवाय समिती काय करते आहे, हे तोवर मी विचारलेलेच नव्हते. म्हणून आधी म्फुमूंकडे गेले, त्यांनी अध्यक्षीणबाईंना बोलावले आणि खजिनदारणीने वही आणली.

वहीतून असे दिसले की वर्गणी जमली होती. ती घरात पडून राहू नये म्हणून समितीने बँक म्खोंदेत ठेवली होती. बँक म्खोंदे म्हणजे ओट्यावर चालणारा बचत गट. आपल्याकडच्या बचत गटांप्रमाणेच सदस्य भाग (शेअर) विकत घेतात, त्यांतून एकमेकांना व्याजाने कर्ज देतात, आणि वर्षअखेरीस सगळा हिशेब करून वाटप होते. हे वाटप बहुधा खत घेण्याच्या किंवा नाताळाच्या सुमारास ठरवलेले असते. हापशाचे पैसे व्याजासह वाढत होते. फक्त ते ऑक्टोबरात कर्जाऊ गेलेले होते आणि डिसेंबरात परत येणार होते. एका छोट्या पत्र्याच्या पेटीत थोडी रोकड शिल्लक होती, तेवढीच. पैसे खाल्ले गेले, असा निष्कर्ष काढणाऱ्याला वहीची दोन पाने उलटली तर तो मागे घ्यावा लागला असता. वर्षभर पैसा निजवून ठेवणे गरिबाला परवडत नाही, आणि समितीने तो जागता ठेवला होता. चूक काढायचीच तर ती एवढीच की हापसा कधी बिघडेल याचे वेळापत्रक नसते.

वहीत आणखी एक गोष्ट होती, आणि ती खजिनदारणीनेच बोट ठेवून दाखवली. गावातल्या प्रत्येक घराचे नाव यादीत होते, विधवांना सूट दिल्याची नोंद होती. शाळेचे आणि शिक्षकांच्या घरांचे नाव कुठेच नव्हते. सर्वांत जास्त पाणी जिथे जात होते तिथून एक क्वाचाही (क्वाचा हे मलावीचे चलन) येत नव्हता. शिक्षक सरकारी, बदलीचे, मानाचे. त्यांच्याकडे मागायला कोण जाणार, हा संकोच. अध्यक्षीणबाईंनी मला विचारले की हे शाळेत कुणी बोलू शकेल का. त्या प्रकरणात माझ्याकडून मागितलेले पहिले खरे काम हे होते.

सभा, आणि क्वाचा

शिक्षकांच्या बैठकीत मी विषय मांडला तो स्वतःच्या घरापासून : मी या हापशाचे पाणी पिते, माझे नाव यादीत नाही, ते घालावे असे मी समितीला सांगितले आहे. मुख्याध्यापक क्षणभर गप्प राहिले आणि मग त्यांनीच हिशेब मांडला. शिक्षकांची घरे इतरांइतकीच वर्गणी देतील, आणि शाळा संस्था म्हणून वेगळा वाटा देईल, विटांच्या पाण्याचा त्यात विचार होईल. एक-दोघांनी नाराजी दाखवली. त्यांच्या पगाराला उशीर होत होता, आणि ती नाराजी खोटी नव्हती. त्यांना दोन हप्त्यांची सवलत मिळाली.

गावाची सभा म्फुमूंच्या घरासमोरच्या काचेरेच्या झाडाखाली झाली. बायका जमिनीवर चितेंजे पसरून, पुरुष बाकांवर. पलीकडच्या वाडीचे प्रमुखही बोलावले होते, कारण वाडी आमच्या पाण्यावर होती. त्यांनी वाडीचा वाटा मान्य केला, पण त्यांचा हापसा दुरुस्त होईल तेव्हा आमच्या गावाने हातभार लावावा, ही अट घालून. रोख नसणाऱ्या दोन घरांनी कोंबडी देऊ केली आणि ती बाजारभावाने नोंदली गेली. नव्या बोअरचा प्रस्ताव मी लपवला नाही. माझे स्नेही मदत करू इच्छितात, हे सभेसमोर सांगितले. म्फुमू म्हणाल्या की नवा बोअर कुणी देत असेल तर तो वाडीकडे, प्राथमिक शाळेजवळ, पुढच्या वर्षी बोलू. आधी आपला उभा करू. यावर कुणी वाद घातला नाही.

वर्गणी ठरल्या दिवशी जमली. आणि त्याच आठवड्यात, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीला, मलावीच्या मध्यवर्ती बँकेने क्वाचाचे अवमूल्यन केले. एका डॉलरला सुमारे १,१८० क्वाचा पडत होते ते १,७०० पडू लागले. सुटे भाग आयात होतात. जिल्ह्याच्या ठिकाणी दुकानदाराने जुना भाव खोडून नवा लिहिला. खेड्यातल्या माणसाला चलनाचे अवमूल्यन बातम्यांतून कळत नाही, ते असे कळते. समितीचा माणूस सायकलवरून रिकाम्या हाताने परत आला.

तूट फार मोठी नव्हती, आणि म्हणूनच माझ्याकडे पाहिले जाणे साहजिक होते. या वेळी मला उत्तर देण्याची वेळच आली नाही, कारण अध्यक्षीणबाईंकडे ते तयार होते. बँक म्खोंदेत संकटाच्या वेळेसाठी एक वेगळा छोटा निधी असतो, आजारपण किंवा मयत झाली तर बिनव्याजी देण्यासाठी. त्यातून हापशासाठी उसने घ्यायचे आणि डिसेंबरच्या वाटपातून फेडायचे, असे त्यांनी गटाकडून मंजूर करून घेतले. तो निधी त्यामुळे जवळजवळ रिकामा होणार होता, तेव्हा मला गटाची सदस्य होण्याचे सुचवण्यात आले. गटाच्या नियमाप्रमाणे एका बैठकीत एका सदस्याला पाचांहून जास्त भाग घेता येत नाहीत. मी पाच घेतले. मला जास्त देता आले असते. नियम देऊ देत नव्हता, आणि त्या नियमाइतके माझे संरक्षण दुसऱ्या कशानेही केले नसते. त्या गटात माझा पैसा शेजारणीच्या पैशासारखाच मोजला गेला.

दुरुस्ती

परिसराचा मेकॅनिक सायकलला पान्हा आणि लांब आकडा बांधून सकाळी आला. तो सरकारी नोकर नसतो; आसपासच्या गावांचे हापसे बघतो आणि कामाचे पैसे घेतो. वरचे झाकण उघडून त्याने दांडा मोकळा केला आणि सळ्या ओढायला सुरुवात केली. प्रत्येक सळी सुमारे तीन मीटर लांब, तिच्या एका टोकाला आकडा आणि दुसऱ्या टोकाला डोळा; आकड्यात अडकवलेली सळी तिरकी केली की हाताने सुटते. दोन बाया सळी धरत, तिसरी सुटलेली सळी धुळीला न लावता ताडपत्रीवर ठेवी. मधल्या एका सळीचा आकडा झिजून पातळ झाला होता आणि तिथूनच माळ तुटली होती. खाली राहिलेला भाग आकड्याने गळ टाकल्यासारखा शोधावा लागला, आणि तो लागल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दट्ट्या वर आला तेव्हा त्यावरचे रबरी वायसर कडेने फाटलेले निघाले. तळाची झडपही काढली. तिच्या आतला छोटा प्लास्टिकचा तुकडा, ज्याला तिथे बॉबिन म्हणतात, एका बाजूने खरवडला गेला होता, आणि पहाटेच्या बायांची तक्रार तिथे डोळ्यांना दिसली. मेकॅनिकने जुने तुकडे मुलींच्या हातात दिले. माझ्या वर्गातल्या मुलींनी दट्ट्या आणि झडप कशी चालते हे त्या ताडपत्रीवर बसून एकमेकींना समजावले. दाबाचा धडा त्या आठवड्यात मी तिथूनच घेतला. नव्या भागाच्या पिशवीवर भारतातला पत्ता छापलेला होता. अध्यक्षीणबाईंनी तो मला वाचून दाखवायला सांगितला आणि ‘म्हणजे हे तुमच्याकडचेच’ असे म्हणून पिशवी घडी करून वहीत ठेवली.

दुपारी सगळे परत जोडले. पहिले पाणी लाल, मग गढूळ, मग स्वच्छ. क्लोरीन टाकून, बराच वेळ हापसून, संध्याकाळी मेकॅनिकने परीक्षा घेतली : पाणी आल्यावर अर्धा तास दांड्याला कुणी हात लावायचा नाही, आणि मग किती वेळा हापसल्यावर पाणी येते ते मोजायचे. लगेच आले. शिक्षकांची पाळी शाळेआधी आणि सगळ्यांची एकत्र राहील, असे त्याच वेळी ठरले. एकट्या परदेशी बाईला पुढे घेण्याची पद्धत अध्यक्षीणबाईंनी बंद केली, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

त्यानंतर

त्या वर्षी एल निनोमुळे पाऊस उशिरा आणि कमी आला. मार्च २०२४ मध्ये देशाच्या २८ पैकी २३ जिल्ह्यांत आपत्ती जाहीर झाली. अशा वर्षात दांबोही आटला असता. डिसेंबरच्या वाटपात बँक म्खोंदेचे उसने पैसे फिटले आणि समितीने शिल्लक रकमेबाबत एक निर्णय घेतला, तो मला या प्रकरणातला सर्वांत मोलाचा वाटतो. वर्गणीतून आधी वायसर, बॉबिन आणि एक जादा सळी विकत घेऊन ठेवायची. उरलेले पैसे तेवढे बँक म्खोंदेत घालायचे. कर्जाऊ देता न येणारे आणि अवमूल्यनाने न घटणारे असे भांडवल म्हणजे पत्र्याच्या डब्यातले वायसर, हे त्या बायकांनी एका हंगामात शोधून काढले. आफ्रिदेवच्या देखभालीत वायसर आणि बॉबिन वर्षातून एकदा बदलावेत असे सांगितले जाते. आता ते पिकानंतर, मे महिन्यात, हातात धान्याचे पैसे असताना बदलायचे ठरले आणि त्याप्रमाणे बदललेही गेले.

सगळे सुटले असे नाही. मेकॅनिकची मजुरी अजून प्रत्येक वेळी घासाघीस करून ठरते. दांड्याचे बुश झिजत चालले आहेत आणि जिल्ह्याच्या दुकानात ते नेहमी मिळत नाहीत. वाडीचा हापसा पुढच्या कोरड्या हंगामात दोन्ही गावांच्या वर्गणीतून उघडला गेला, पण त्याचा पाइपच फुटलेला निघाल्याने खर्च बराच वाढला. तिथे माझ्या स्नेह्यांच्या निधीचा उपयोग जिल्हा पाणी कार्यालयामार्फत पाइपासाठी झाला, वर्गणी पूर्ण जमल्यानंतर.

समितीच्या वहीत शिक्षकांच्या घरांची पाने जोडताना खजिनदारणीने माझे नाव लिहिले नाही. बदल्या होतात, माणसे जातात, म्हणून तिने घरांना क्रमांक दिले. माझ्या ओळीवर ‘शाळेचे चौथे घर’ असे आहे, आणि मी परतल्यानंतर त्या घरात आलेल्या शिक्षकाकडून पहिल्याच महिन्यात वर्गणी घेतली गेल्याचे शेजारणीने फोनवर कळवले.